डिशवॉशर ‘एरर’ दाखवतोय? आधी बादली घ्या

हा भाग लोकलमध्ये ऐकायला घेतला आणि ठाकुर्लीच्या आसपास रेंज गेली, असं ज्यांचं झालं त्यांच्यासाठी हा लेखी भाग. बोलताना जे पटापट निघून गेलं ते इथे जरा सावकाश लिहिलंय, काही ठिकाणी भरही घातलीय.

विषय आहे डिशवॉशर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भांड्यांच्या मावशी येईनात, तेव्हा या मशीनची मागणी आपल्याकडे एकदम वाढली. आता कल्याण-डोंबिवलीतही बऱ्याच स्वयंपाकघरांत किंवा ड्राय बाल्कनीत ते दिसतं. घरात त्याची सवय लागते, आणि मग एका रात्री जेवणानंतर बटण दाबलं की दहा मिनिटांत टीं टीं टीं. स्क्रीनवर एक अक्षर, एक आकडा. आत गढूळ पाणी, तेलकट ताटं, कढई तशीच. घरातलं कुणीतरी, आणि ते कोण हे तुम्हाला माहीत आहे, बाही वर करून घासायला उभं राहतं.

अशा वेळी आपण फोन काढतो, कोड टाइप करतो आणि पहिला व्हिडिओ बघतो. त्यात एक परदेशी काका मशीन उलटं करून मोटर बाहेर काढत असतात. थांबा. आपल्याकडे त्या पायरीपर्यंत जायची वेळ फार कमी येते. का, ते सांगते.

कोड म्हणजे ताप. थर्मामीटर १०२ दाखवतो, पण डेंग्यू आहे की साधा व्हायरल ते नाही सांगत. डिशवॉशरला कळतात त्या गोष्टी मोजक्याच. ठरलेल्या वेळेत पाणी आत आलं का? ठरलेल्या वेळेत बाहेर गेलं का? पाणी तापलं का? आणि खालच्या ट्रेमध्ये गळून पाणी साचलंय का? बस. तुमच्या सोसायटीचा वॉचमन पंप लावायला विसरला, बेसिनखालचा पाइप तुपाने बुजला, गवंड्याने नळी वाकवून भिंतीत दाबली, यातलं मशीनला काहीही दिसत नाही. त्याला एवढंच कळतं की पाणी आलं नाही, किंवा गेलं नाही.

आता कोड. बॉशच्या बऱ्याच मॉडेलवर ई १८ म्हणजे पाणी येत नाहीये. ई २२ म्हणजे जाळी घाण झालीय. ई २४ म्हणजे सांडपाणी बाहेर जात नाहीये, नळी दुमडलीय किंवा बुजलीय. ई २५ म्हणजे पाणी फेकणारा छोटा पंप अडकलाय किंवा त्याचं झाकण नीट बसलेलं नाही. ई १५ म्हणजे खालच्या ट्रेमध्ये पाणी. एलजीवर लक्षात ठेवायला सोपं आहे: इंग्रजी ‘ओ’ने सुरू होणारा ओई म्हणजे आउटलेट, ‘आय’ने सुरू होणारा आयई म्हणजे इनलेट, एचई म्हणजे हीटरची बाजू. सॅमसंगवर ५ सी किंवा ५ ई पाणी जाण्याचा, ४ सी किंवा ४ ई पाणी येण्याचा, एलसी गळतीचा. त्या स्क्रीनवर ५ हा आकडा हुबेहूब इंग्रजी ‘एस’सारखा दिसतो, त्यामुळे लोक ‘एसई’ शोधत बसतात. नव्या मॉडेलवर आकड्यांची पद्धत बदललीय, म्हणून तुमच्या मशीनचं माहितीपुस्तक हाच शेवटचा शब्द. पुस्तक माळ्यावर गेलं असेल तर दाराच्या कडेवरच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, त्यावरून कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते.

थोडक्यात घोळ तीन प्रकारचे: येत नाही, जात नाही, गळतं.

पाणी येत नाही

कल्याणला हा प्रकार सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो, म्हणून जरा रेंगाळते.

बहुतेक मशीनना नळाला किमान अर्धा बार दाब लागतो. बार म्हणजे काय, सोपं आहे: दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. म्हणजे अर्धा बार हवा तर टाकीतलं पाणी तुमच्या नळापासून पाच मीटर तरी वर हवं. आता तुमच्या बिल्डिंगकडे बघा. टाकी गच्चीवर. वरून पहिला, म्हणजे सगळ्यात वरचा मजला तुमचा असेल, तर स्लॅबपर्यंत तीन मीटर, टाकीखालचे खांब दीड मीटर धरा, आणि बेसिनखालचा नळ जमिनीपासून अर्धा मीटर वर. हिशेब चार मीटरचा. दाब ०.४ बार. वर पाइपात पाणी घासत येतं, वळणं घेतं, त्यात अजून थोडा जातो. एक मजला खाली या, तोच हिशेब ०.७ बार होतो. म्हणून तेच मशीन सहाव्या मजल्यावर मजेत चालतं आणि सातव्यावर कोड दाखवतं.

त्याहून भारी गंमत आहे ती घरातल्या टाकीची. आपल्याकडे अनेक घरांत बाथरूमच्या किंवा संडासाच्या वर एक छोटी टाकी असते, कारण सोसायटी सकाळी तास-दीड तास आणि संध्याकाळी तासभरच पाणी सोडते. बाकी दिवसभर त्या टाकीवर. ती नळापासून किती वर? दीड मीटर, फार तर दोन. म्हणजे ०.१५ ते ०.२ बार. बेसिनचा नळ त्यावर छान वाहतो, ताट धुता येतं, म्हणून आपल्याला वाटतं पाणी आहे की! पण मशीनला ते पाणी ‘आहे’ वाटत नाही. त्याचा व्हॉल्व्ह उघडतो, पाणी रडतरडत येतं, वेळ संपतो, कोड येतो.

माझी आत्या खडकपाड्याला सातव्या मजल्यावर राहते, बिल्डिंगही सातच मजल्यांची. तिचं मनगट दुखतं, संधिवात आहे, म्हणून तिच्या मुलाने मशीन घेऊन दिलं. पहिला महिना ठीक, मग आठवड्यातून दोनदा पाणी न येण्याचा कोड. सर्व्हिसवाले दोनदा आले. पहिल्यांदा जाळी साफ केली, दुसऱ्यांदा व्हॉल्व्ह बदलायला सांगितलं, साडेचार हजारांचं कोटेशन. आत्याने होकार द्यायच्या आधी मला फोन केला, आणि मी तिला एकच विचारलं, कोड कुठल्या वेळी येतो? ती म्हणाली, रात्री साडेदहाला लावलं की येतो, रविवारी सकाळी लावलं की नाही येत. उत्तर तिथेच होतं. सकाळी सोसायटीचं पाणी चालू, रात्री घरच्या टाकीवर. व्हॉल्व्हला रात्र-दिवस कळत नाही.

तिथे आम्ही जे केलं ते तुम्हीही करा. मशीनचा नळ, म्हणजे तो छोटा अँगल कॉक, बंद करा. मशीनची नळी सोडवा. दहा लिटरची बादली खाली धरा, कॉक पूर्ण उघडा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. बादली मिनिटाभरात भरली तर पाणी पुरेसं. दीड मिनिट लागलं तर काठावर. आत्याच्या घरी रात्री अकराला तीन मिनिटं होऊन गेली तरी बादली भरली नव्हती. व्हॉल्व्ह आहे तोच राहिला.

उपाय दोन-तीन आहेत. फुकटातला म्हणजे पाणी असतं त्या वेळेत मशीन लावायचं, नाहीतर डिले स्टार्टने पहाटेची वेळ द्यायची. मशीन पूर्ण वेळ पाणी घेत नाही, अधूनमधून घेतं, त्यामुळे संपूर्ण प्रोग्रॅम पाण्याच्या वेळेत बसायला हवा. दीड-दोन तासांचा प्रोग्रॅम आणि तासाभराचं पाणी, हे गणित नाही जमत. अशा वेळी छोटा, आवाज कमी करणारा प्रेशर पंप बसवतात. तो घरच्या टाकीच्या लाइनवर लावायचा, सोसायटीच्या किंवा पालिकेच्या लाइनवर थेट नाही. थेट लावला तर तुम्ही शेजाऱ्यांच्या वाटचं पाणी ओढताय, आणि पालिकेच्या लाइनवर थेट मोटर लावणं हा कारवाईचा विषय आहे. आत्याच्या मुलाने पंप बसवला.

दुसरं कारण शटडाउन. आपलं पाणी उल्हास नदीतून मोहिली, बारावे, नेतिवली, टिटवाळा अशा जलशुद्धीकरण केंद्रांतून येतं, आणि डोंबिवली एमआयडीसीकडच्या भागाला व आजूबाजूच्या गावांना बारवी धरणाच्या योजनेतून. दुरुस्तीसाठी पुरवठा बंद, अशी सूचना व्हॉट्सअॅपवर फिरतेच, अनेकदा मंगळवारची. त्या दिवशी मशीन नको, हे कळतं. पण खरी गोची बुधवारची असते. रिकाम्या पाइपात पाणी परत धावतं तेव्हा तळाचा गाळ, गंज सगळं उचलून आणतं. पहिलं पाणी गढूळ. ते थेट मशीनमध्ये गेलं तर नळी जिथे जोडलेली असते तिथली नखाएवढी जाळी बुजते. मग पाणी भरपूर असूनही ‘पाणी येत नाही’. जाळी पक्कडीने अलगद ओढून काढा, जुन्या टूथब्रशने धुवा, परत बसवा. शटडाउननंतर बेसिनचा नळ स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा आणि मगच मशीनचा कॉक उघडा. ते गढूळ पाणी कुंड्यांना घाला, वाया नको.

आणि हो, कॉक बंद तर नाही ना? हसू नका. बेसिनखाली कचऱ्याचा डबा ढकलताना कॉक अर्धा फिरलेला मी दोन घरांत पाहिलाय.

पाणी जात नाही

आधी घाबरू नका: प्रोग्रॅम संपल्यावर जाळीखाली थोडं स्वच्छ पाणी राहणं नॉर्मल आहे. तळ व्यापेल एवढं घाण पाणी असेल तरच पुढचं वाचा.

इथेही बादली. मशीनची सांडपाण्याची राखाडी नळी बेसिनच्या पाइपातून काढा आणि तिचं तोंड बादलीत, बादली बेसिनच्या उंचीला, घट्ट धरून. मग प्रोग्रॅम रद्द करा. बॉशवर स्टार्टचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की मशीन पाणी फेकून रीसेट होतं. बाकीच्यांची पद्धत पुस्तकात. बादलीत पाणी जोरात आलं, आत रिकामं झालं, तर मशीन ठणठणीत आहे. घोळ तुमच्या घराच्या पाइपात. पाणी आलंच नाही किंवा थेंबथेंब आलं तर मशीनच्या आत बघायचं. या एका टेस्टने प्लंबरला बोलवायचं की सर्व्हिसवाल्याला, हे ठरतं. चुकीच्या माणसाला बोलावलं तरी त्याच्या येण्याचे पैसे द्यावेच लागतात.

समजा मशीनच्या आत आहे. प्लग काढा, कॉक बंद करा. खालचा ट्रे बाहेर. मग्याने आणि स्पंजने पाणी उपसा. जाळी फिरवून काढा. तिच्यात भाताची शितं, मोहरी, कढीपत्ता हे असतंच. जाळीच्या खालच्या खड्ड्यात एका बाजूला पंपाचं छोटं झाकण असतं, बऱ्याच मॉडेलमध्ये ते चमच्याच्या दांड्याने उचकटून निघतं. आत एक इवलासा पंखा. हातमोजे घाला, कारण तिथे फुटलेल्या ग्लासची काच सापडू शकते. लाकडी काडीने पंखा फिरवून बघा. तो गुळगुळीत फिरत नाही, अडखळत टप्प्याटप्प्याने फिरतो. ते चुंबकामुळे, बिघाड नाही. अजिबातच हलत नसेल तर काहीतरी अडकलंय.

काय अडकतं? परदेशी व्हिडिओत ऑलिव्हच्या बिया असतात. आपल्याकडे चिंचोके, आमसुलाची साल, तमालपत्राचा देठ, मांदेलीचे काटे, बरणीवरच्या लेबलचा लगदा. आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, शेवग्याच्या शेंगांचा चोथा. ते धागे पंख्याभोवती असे गुंडाळतात की चिमट्याने एकेक सोडवावे लागतात. भांडी मशीनमध्ये लावण्याआधी धुवायची गरज नाही, खरकटं नीट निपटून काढा म्हणजे झालं. झाकण परत बसवताना ‘टक’ आवाज ऐका. अर्धवट बसलं तर बॉशवाल्यांना परत ई २५ दिसणार.

आता समजा बादलीत पाणी धो धो आलं, म्हणजे पाइप. बेसिनखालचा बाटलीसारखा ट्रॅप उघडा, खाली आधी टब ठेवा. त्यात पांढरट, मेणासारखा थर दिसेल. तूप, डालडा, खोबरेल. मशीनमधून गरम पाण्याबरोबर ते पातळ होऊन निघतं आणि बेसिनच्या थंड पाइपात येऊन गोठतं. हाताने घासून आपण कढई धुतो तेव्हाही जातंच, पण मशीनचं पाणी कमी आणि एकदम येतं, त्यामुळे जागा अरुंद झाली की लगेच कळतं. ट्रॅप घासून लावा. नाली साफ करायची कॉस्टिकची पावडर टाकायचा मोह होतो. मशीनची नळी जोडलेली असताना टाकू नका, पाइप तुंबलेला असेल तर ते पाणी उलटं मशीनमध्ये शिरू शकतं. थेट मशीनमध्ये तर कधीच नको. अॅसिड आणि ब्लीच एकत्र करणं तर जिवावर बेतणारं, तो वायू विषारी असतो.

मशीन नवंकोरं असेल आणि पहिल्याच दिवशी पाणी जात नसेल, तर एक जागा नक्की बघा. बेसिनच्या ट्रॅपला मशीनची नळी लावायला जे छोटं तोंड असतं, ते बऱ्याचदा आतून प्लॅस्टिकच्या पडद्याने बंद येतं. तो पडदा कापून मग नळी लावायची असते. घाईत नळी तशीच चढवून क्लिप मारली जाते.

आणि आता आपला खास नहाणी ट्रॅप. ड्राय बाल्कनीत मशीन ठेवलं की नळी जमिनीवरच्या जाळीत, म्हणजे नहाणी ट्रॅपमध्ये सोडून दिली जाते. वॉशिंग मशीनची चालते ना, मग हिची का नाही? तर असं, बहुतेक माहितीपुस्तकांत नळीचं टोक जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटर ते एक मीटर उंचीवर ठेवायला सांगतात. टोक जमिनीवर असेल तर पाणी आपोआप खाली ओढलं जातं, आपण नळीने बॅरलमधून पाणी काढतो तसं. मशीन पाणी भरतंय, मागच्या दाराने पाणी चाललंय. पातळी वाढत नाही. आणि कोड कुठला येतो? ‘पाणी येत नाही’चा! लोक बिचारे नळ तपासत बसतात. बेसिनखाली उभं राहून नीट ऐका: मशीन भरत असताना नळीतून पाणी जाण्याचा आवाज येतोय का? येत असेल तर हेच.

उपाय पैशांचा नाही. नळी आधी वर न्या, ओट्याच्या खालच्या पातळीपर्यंत, तिथे पट्टीने बांधा, आणि मग खाली आणा. या कमानीने उलट्या दिशेचा त्रासही थांबतो. म्हणजे बेसिन तुंबलं की डाळीचं पाणी नळीवाटे ‘स्वच्छ’ मशीनमध्ये येतं, तो प्रकार. तपासायचं असेल तर मशीन बंद ठेवून बेसिन काठोकाठ भरा, एकदम सोडा आणि मशीनचं दार उघडून बघा.

ड्राय बाल्कनीत अजून दोन गोष्टी. वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर एकाच पाइपात सोडले असतील तर दोन्ही एकदम लावू नका. आणि दोघांना एकाच पॉइंटवर मल्टीप्लगने तर मुळीच नाही. डिशवॉशर तापवताना दोन हजार वॉटच्या वर घेतो, म्हणजे नऊ-दहा अँपियर. त्याला स्वतःचा १६ अँपियरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवं. पाणी आणि वीज शेजारी-शेजारी आहेत, इथे जुगाड नको.

तळमजल्यावाल्यांसाठी पावसाळा वेगळा. वालधुनीच्या काठाला, खाडीकडच्या सखल भागात राहणाऱ्यांना २६ जुलै २००५ आठवायला सांगावं लागत नाही. मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की चेंबर भरतात, सांडपाण्याला बाहेर जायला वाटच नसते. मशीनचा पंप छोटा, जेमतेम मीटरभर पाणी उचलणारा, तो भरलेल्या चेंबरला ढकलू शकत नाही. त्या दिवशी पाणी न जाण्याचा कोड आला तर मशीन उघडू नका, चेंबर उतरायची वाट बघा. घरात पाणी शिरतंय असं वाटलं तर सगळ्यात आधी मेन स्विच, हात कोरडे असताना.

गळतं

हा कोड मात्र गंमतीत घ्यायचा नाही. बॉशवर ई १५, एलजीवर एई किंवा ई १, सॅमसंगवर एलसी. खालच्या ट्रेमध्ये पाणी आलं की तरंगता स्विच वर उचलला जातो आणि मशीन सगळं थांबवून पाणी फेकत राहतं. ते तुमचं घर वाचवत असतं. तुमचंच नाही, खालच्यांचंही. त्यांच्या हॉलच्या छतावर पिवळा डाग आला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव निघतं, आणि पीओपीचा खर्च डिशवॉशरच्या सर्व्हिसपेक्षा कितीतरी जास्त असतो.

पहिली कृती: कॉक बंद. मग प्लग. मग बाकी.

सगळ्यात साधं कारण फेस. हाताने घासायचं जेल किंवा लिक्विड मशीनमध्ये गेलं की फेसाचा डोंगर होतो, फेस दाराच्या फटीतून खाली उतरतो. कधी असंही होतं की मावशींनी प्रेमाने भांडी आधी साबणाने घासून मग मशीनमध्ये लावली. त्यांना शांतपणे सांगा, फक्त खरकटं काढा. फेस झालाच तर दार उघडं ठेवून तो बसू द्या, पुसा, पाणी फेकण्याचा प्रोग्रॅम लावा, मग एकदा रिकामं मशीन साबणाशिवाय चालवा.

इंटरनेटवर एक उपाय फार फिरतो, मशीन पुढे तिरकं करा, ट्रेमधलं पाणी सांडतं, कोड जातो. जातो, खरं आहे. पण पाणी तिथे आलं कुठून, हे तसंच राहतं. मशीन जड असतं, दोन माणसं लागतात, आणि अंगावर आलं तर वाईट. फेसाचं कारण नक्की माहीत असेल तरच हे करा. फेस नव्हता आणि तरीही कोड आला, किंवा एकदा जाऊन परत आला, तर आत कुठेतरी जोड सुटलाय. तिथे आपला संबंध संपला, माणूस बोलवा. कोड घालवून मशीन रात्रभर लावून झोपणं, हा पर्याय माझ्या मते पर्यायच नाही.

मिठाबद्दल बरेच विचारतात, म्हणून दोन ओळी. उल्हास आणि बारवीचं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं, तुलनेने हलकं. उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं आलं की जड. ग्लासवर पांढरे डाग, हीटरवर थर, आणि मग पाणी न तापण्याचा कोड. मशीनमधलं मीठ भांड्यांसाठी नसतं, पाणी हलकं करणाऱ्या भागासाठी असतं, आणि त्याची सेटिंग पाण्याप्रमाणे बदलता येते. घरातलं आयोडीनचं बारीक मीठ नको, त्यात न चिकटण्यासाठी घातलेले घटक असतात. डिशवॉशरचं म्हणून मिळतं तेच घाला.

माणूस बोलवायचा तर

जळका वास, दर वेळी ट्रिप होणारा स्विच, पंखा मोकळा असूनही नुसता घुंघुं आवाज, हीटरचा कोड, गळतीचा परत आलेला कोड. यात स्वतः हात घालू नका. वॉरंटीत असेल तर मागचं पॅनल स्क्रू काढून उघडूही नका.

फोन करण्याआधी मोबाइलवर तीन गोष्टी तयार ठेवा: मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो, कोड लुकलुकतानाचा आवाजासकट व्हिडिओ, आणि बादलीच्या टेस्टचा व्हिडिओ ज्यात स्टॉपवॉच दिसेल. आलेल्या दादांना नम्रपणे दाखवा. बहुतेक जण चांगले असतात, त्यांनाही दिवसाला दहा घरं करायची असतात, आणि तुम्ही अर्धं काम केलेलं असलं की ते खूश होतात. पार्ट बदलायचा म्हणाले तर लेखी एस्टिमेट घ्या, जुना पार्ट परत मागा, आणि बिलावर नव्या पार्टची वॉरंटी लिहून घ्या. ‘पीसीबी गेला’ असं कुणी दार उघडायच्या आधीच म्हणालं तर दुसरं मत घ्या. पैसे घेऊन काम झालं नाही, कंपनी फोन उचलत नाही, अशा वेळी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तक्रार करताना हेच फोटो, व्हिडिओ आणि बिल लागतं.

तुमच्या मशीनवर यात न आलेला कोड असेल तर तो, मॉडेल नंबर आणि तुमचा मजला कमेंटमध्ये लिहा. मजला विसरू नका, आणि गच्चीची टाकी की घरातली टाकी, तेही. पुढच्या भागात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी आणि कुठलं घालायचं, ते बघू.